तीन मिस कॉल आणि एक घागर

मी वाघाला कधी घाबरलो नाही. वाघ मला कधी भेटला नाही, हे त्याचं नशीब. विंचू, मास्तर, सासऱ्यांची मारकी म्हैस, यांतल्या कुणालाही मी घाबरत नाही, असं मी आजही चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगतो. पण दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला माझ्या वरच्या खिशात एक काचेचा फोन होता. त्याला मी जेवढा घाबरलो, तेवढा जन्मात कशाला घाबरलो नाही. वाजला की घाबरायचो आणि वाजला नाही की जास्त घाबरायचो.

माझा आतेभाऊ अमेरिकेत. दिवाळीला आला तेव्हा त्यानं नवा फोन घेतला होता, म्हणून जुना मला दिला. जुना म्हणजे त्याच्यासाठी जुना. आमच्या गल्लीत तो अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. एक बटण सोडलं तर सगळी काच. बोट फिरवलं की चित्र सरकायचं. आमच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं तांब्या बघायला यायची आणि माझं बोट बघत उभी राहायची. मीही काही कमी नव्हतो. फोटो सरकवताना मनगटाला असा झटका द्यायचो, जसा काही हुकमाचा पत्ता टाकतोय.

अडचण एकच होती. तो फोन तिकडच्या एका कंपनीला बांधलेला होता. दुसऱ्या कुणाचं सिम त्याला चालत नव्हतं. माझं सिम आत घातलं की पडद्यावर इंग्रजीत यायचं, या सिमला सपोर्ट नाही. आईनं ते मला वाचून दाखवायला लावलं.

"कुणाचा सपोर्ट न्हाय म्हणतोय?" तिनं विचारलं. आमच्या जिल्ह्यात सपोर्ट हा शब्द निवडणुकीशिवाय कानावर येत नाही. "आपल्या तालमीच्या अध्यक्षाला सांग की. त्यो देतोय सगळ्यांस्नी."

अध्यक्षाकडं न जाता मी शाहूपुरीत एका जिन्याखालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं फोन दोन दिवस ठेवून घेतला. परत देताना इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "जेलब्रेक केलाय, दादा. आता कुठलंबी सिम घाला."

हे मी घरी येऊन सांगितलं आणि चूक केली. आईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. "जेल फोडून आणलाय? कळंब्याचं?"

कळंब्याचा तुरुंग आमच्या घरापासून लांब नाही. पुढचे कितीतरी दिवस दुकानासमोर खाकी कपड्यातला पोस्टमन थांबला तरी आई मला आतून खूण करायची, फोन झाक म्हणून.

पण खरी भीती त्या दुरुस्तीवाल्यानं घालून ठेवली होती. तो म्हणाला होता, "ह्यो फोन मधनंच इचारंल, अपडेट करू का? खाली दोन शब्द येतील. एक आत्ता, एक नंतर. तुमी कायम नंतर दाबायचं. आत्ता दाबलं की ह्येला आपलं पयलं घर आठवतंय, आन् मग ह्यो काय हलत न्हाय. मेलाच म्हणा."

"मग तुझ्याकडं आणू?"

"माझ्याकडं न्हाय आणायचा."

"मग कुणाकडं?"

"अंबाबाईकडं," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडायला लागला.

तेव्हापासून मी त्या काचेवर बोट ठेवायचो ते गरम तव्यावर ठेवल्यासारखं. फोन खरंच विचारायचा. अंघोळीनंतर, जेवताना, गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असताना पडद्यावर अचानक तो प्रश्न यायचा. दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून. माझं बोट जाड. श्वास रोखून मी 'नंतर'वर नेम धरायचो. बायको बाजूला बसून म्हणायची, "एवढं लक्ष लग्नात मंगळसूत्र बांधताना दिलं असतं तर गाठ माझ्या केसात अडकली नसती."

शिवाय त्याच्या बारीकसारीक खोड्या होत्या. इथल्या कंपनीची रेंज तो मनापासून धरायचा नाही. परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा काठावर टेकून बसायचा. मधेच रेंज सोडायचा, मग बंद करून चालू करायला लागायचा. फोन आला तर नाव दाखवायचा नाही, नुसता नंबर, तोही अमेरिकेच्या तऱ्हेनं कंसात. मराठीतला मेसेज आला तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. मी मोठ्या अभिमानानं कंपनीनं 'मराठीसाठी दोन दाबा' म्हटल्यावर दोन दाबलं होतं, त्यामुळं कंपनीचे सगळे मेसेज मला चौकोनांतच यायचे. खिडक्यांच्या चाळीसारखे. आत कोण राहतंय कळायचं नाही.

हे सगळं गमतीचं होतं, जोपर्यंत त्या फोनवर काही अवलंबून नव्हतं.

पुढच्या आषाढात बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर गगनबावड्याच्याही पुढं, घाटाच्या तोंडाशी एका वस्तीवर. पहिलं बाळंतपण माहेरी, यापुढं आमच्याकडं कुणाचं काही चालत नाही. मी म्हणत होतो, कोल्हापुरात गल्लीगल्लीला दवाखाने आहेत. सासूबाई म्हणाल्या, "माझी लेक काय दवाखान्याची हाय व्हय?" शेवटी तह झाला. चार आठवडे माहेरी राहायचं आणि दिवस भरत आले की कोल्हापुरात यायचं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बोलावून सांगितलं होतं, "तिच्या अंगात रक्त कमी आहे. कळा सुरू झाल्या की वेळ लावायचा नाही, लगेच घेऊन यायचं."

तह चांगला होता. फक्त पावसाला कुणी विचारलं नव्हतं. गगनबावड्यात पाऊस पडत नाही, तो तिथं राहतो. त्या वर्षी मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. तिला आणायचा दिवस आला आणि गेला. ती पाण्याच्या पलीकडं, मी अलीकडं.

मधे फक्त तो फोन. आमच्या दुकानाची लँडलाइन रस्ता खणणाऱ्यांनी तोडली होती. त्या वर्षी अर्धं कोल्हापूर खणून ठेवलेलं. सासऱ्यांच्या वस्तीवरची लाइन पहिल्याच वादळात गेली होती. माझा जुना, बटणांचा, दगडासारखा फोन मी सासऱ्यांना देऊन टाकला होता. पण वस्तीवर रेंज नव्हती. वरच्या अंगाला एक फणसाचं झाड होतं, त्याच्याखाली उभं राहून हात वर केला की रेंज यायची. फोन कानाला लावला की जायची.

त्यामुळं बोलणं म्हणजे तुकडे. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. मी दुकानात होतो. खरखर, वारा, आणि मधूनच त्यांचा आवाज. "...पडली... चिखलात... पडली... पोटावर..."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि गल्लीभर आवाज गेला. आई धावत आली. ती मूळची निपाणीकडची. एरवी आमच्यासारखीच बोलते, पण घाबरली की थेट कानडीत जाते. "एनातु? एनातु?" काय झालं, काय झालं, म्हणून तिनं माझा दंड धरला. मी नुसता 'पडली' म्हणत होतो. तेवढ्यात पलीकडनं एक वाक्य सबंध आलं, "...पर दूध द्याला लागली परत."

म्हैस पडली होती.

त्या दिवशी संध्याकाळी सासऱ्यांनी तोडगा काढला. माणूस मोठा हुशार. एका म्हशीच्या जोरावर चार केल्या होत्या. त्यांनी गगनबावड्याच्या बाजारात जाऊन एसटीडी बूथवरनं मला फोन लावला. "पावणं, बोलायचं ऱ्हाऊ द्या. मिस कॉल द्याचा. फणसाखाली जाऊन हात वर करतो, रिंग गेली की बंद. एक दिला की समदं बरं हाय. दोन दिलं की गाडी घिऊन या."

"आणि तीन?"

"तीन कशाला पायजेत? दोनातच याचं की."

मला ते पटलं. अख्खा महाराष्ट्र तेव्हा मिस कॉलवर चालला होता. पोहोचलो, दार उघड, दूध आण, मी खाली उभा आहे, हे सगळं फुकटात कळवलं जायचं. माझी लेक या जगात यायची बातमीही फुकटात यायला काय हरकत होती?

रोज सकाळी एक यायचा. दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोवर फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. मग मी श्वास सोडायचो. पण श्वास सोडण्याआधी थांबायला लागायचं. कारण एकानंतर दुसरा येतो का, हे कळायला वेळ द्यायला नको का? ती मधली शांतता! आई गल्ल्यामागं, मी काउंटरपुढं, दोघांची नजर त्या काचेवर. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही आम्ही हात करून गप्प करायचो. एकदा एक बाई म्हणाल्या, "कुणी वारलंय का हो?" आईनं त्यांना चमचासुद्धा विकला नाही.

असे दिवस चालले असताना एका सकाळी पाऊस उघडला. रस्ता मोकळा झाल्याची बातमी आली. तालमीतला माझा एक दोस्त जीप चालवायचा. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आज पाणी उतरू दे, मर्दा. उद्या सकाळी जाऊया. वैनीला फुलासारखी आणतो."

उद्या तर उद्या. मी दुकानात आलो. त्या दिवशी नेमकं एक काम अंगावर होतं. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याच्या वर्षश्राद्धाला भावकीत भांडी वाटतात, त्यावर त्याचं नाव घालून. एका घरानं स्टीलची ताटं सांगितली होती. प्रत्येक ताटावर आधी 'कै.', मग नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ'. नावं मीच घालायचो. हातातलं मशीन, खाली टोकदार सुई, चालू केलं की घर्रर्र करत स्टीलवर अक्षर उमटतं. हाताला मुंग्या येतात आणि कानात दुसरं काही शिरत नाही.

आई म्हणाली, "आज कशाला घेतलंस हे काम? घरात असं असताना."

"पाटी लावू का, आज फक्त जिवंत माणसांची नावं घातली जातील म्हणून?"

बोललो खरा, पण पहिल्या ताटावर 'कै.' काढताना माझा हात वाकडा गेला. ते ताट अजून आमच्याकडं आहे.

आता अडचण अशी की मशीन चालू असताना फोन ऐकू येणार कसा? खिशात ठेवला तर मशीनच्या थरथरीत फोनची थरथर मिसळून जायची. चार वेळा वाटलं वाजला, चारही वेळा नाही. मी मशीन बंद करून खिसा चाचपायचो, परत चालू करायचो. अशानं एक ताट तासभर चाललं असतं.

आणि मग माझ्यातला भांडेवाला जागा झाला.

मागच्या फळीवर एक पितळी घागर होती. जाड, जुन्या घडणीची, बारीक तोंडाची. टिचकी मारली तरी देवळातल्या घंटेसारखी घुमायची. मी फोन फडक्यात गुंडाळून आत सोडला. आधी चाचणी घेतली. मी बेसावध माणूस नाही. फोनवर गजर लावला, घागरीत ठेवला, मशीन चालू केलं. वेळ झाली आणि घागर अशी घुमली की समोरच्या चहावाल्यानं मान बाहेर काढली. "काय भारी!" तो म्हणाला. दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवून नमस्कार केला आणि ताटांकडं वळलो.

चाचणी गजर लावून घेतली होती, फोन लावून नाही. गजराला रेंज लागत नाही. हे मला आज, हे लिहिताना, किती स्वच्छ दिसतंय!

एक ताट झालं, दुसरं झालं. 'कै.', 'कै.', 'कै.' घागर गप्प. मधे मी मशीन थांबवून तिच्याकडं बघायचो. ती पोट पुढं काढून बसलेली. सकाळचा तो रोजचा एक मिस कॉल अजून आला नव्हता. आला असता तर घुमली असती, म्हणजे आला नव्हता. सासरे पाऊस उघडल्यामुळं शेतावर गेले असतील. फणसाखाली जायला वेळ झाला असेल. मी एकेक कारण काढत होतो आणि एकेक ताट संपवत होतो.

दुपारी आई जेवायला बोलवायला खाली आली. घर दुकानाच्या वरच.

"आजचा एक आला?"

"नाही अजून."

"न्हाय? दुपार झाली की." तिनं इकडंतिकडं बघितलं. "फोन कुठाय?"

मी घागरीकडं बोट केलं. आई माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी तिला फोन पाण्यात भिजत घातल्याचं सांगितलं होतं. मी घाईघाईनं हात घालून फोन बाहेर काढला. पडद्यावर रेंजच्या जागी काही नव्हतं. एक दांडी नाही. मी तो हातात धरून दुकानाच्या पायरीवर आलो. सासऱ्यांसारखाच हात वर केला. एक दांडी आली. दुसरी आली.

आणि फोन किणकिणला. कंपनीचा मेसेज. बंद असताना किती मिस कॉल येऊन गेले, ते कळवणारा. चौकोन, चौकोन, चौकोन, मग एक इंग्रजी आकडा, मग परत चौकोनच चौकोन.

आकडा होता तीन.

"किती?" आईनं विचारलं.

मी तीन बोटं वर केली.

"तीन म्हंजे काय?"

"ठरलं नाही."

"ठरलं न्हाय म्हंजे?"

"एक म्हणजे बरं. दोन म्हणजे गाडी. तीनचं काही ठरलंच नव्हतं!"

"यप्पा," आई पायरीवर बसली आणि उरलेलं सगळं कानडीत म्हणाली. ती देवाला बोलवत होती की मला शिव्या देत होती, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी उलटा फोन लावला. फणसाखाली कुणी नव्हतं. तो फोन संपर्काच्या बाहेर होता. परत लावला. परत तेच. मागं वळलो तर काउंटरवर ताटांची चळत होती आणि सगळ्यात वरच्या ताटावर मी अर्धवट सोडलेलं 'कै.' चकाकत होतं. पुढं नाव नव्हतं. नुसतं 'कै.' आणि रिकामी जागा. मी ते ताट पालथं घातलं.

दोस्ताला गाठलं. तो अर्ध्या जेवणावरनं उठून आला, हात न धुता. आई एका डब्यात डिंकाचे लाडू घेऊन मागं बसली. "कशाला?" मी ओरडलो. ती म्हणाली, "बाळंतिणीकडं मोकळ्या हातानं जाऊ?" तिनं बाळंतीण म्हटलं, तो शब्द मी धरून ठेवला. कोल्हापूर सोडून बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत मी मनात तोच शब्द म्हणत होतो.

दोस्ताला गप्प बसवत नव्हतं. "तीन म्हंजे, भावा, मी सांगू? तिळं."

"गप रे."

"न्हाय तर मग दोघं. जुळी. आन् तिसरा मिस कॉल तुझ्यासाठी, बेशुद्ध पडू नको म्हणून."

"गाडी बघून चालव."

तो हसला नाही. त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, हे त्याच्या गिअर टाकण्यावरनं कळत होतं. कळे मागं पडलं, साळवण मागं पडलं. पाऊस परत लागला. मांडुकलीला रस्त्यावर अजून घोट्याएवढं पाणी होतं, आणि कुठं रस्ता संपतो, कुठं शेत सुरू होतं ते दिसत नव्हतं. दोस्तानं जीप थांबवून खाली उतरून पायानं रस्ता चाचपला आणि मग चाकं पाण्यात घातली. आम्ही तिघंही पाय वर घेऊन बसलो होतो, जसं काही त्यामुळं जीप हलकी होणार होती.

तेवढ्यात, नेमकं पाण्याच्या मधोमध, फोन उजळला. मला वाटलं, आला! कुणाचातरी आला! पडद्यावर प्रश्न होता. अपडेट करू का? आत्ता. नंतर.

माझी बोटं ओली. काच ओली. जीप हिंदकळत होती. आणि त्या काचेपलीकडं कुठंतरी माझी बायको होती, रक्त कमी असलेली, आणि तिचा एकुलता एक धागा माझ्या जाड अंगठ्याखाली. अंगठा एका बाजूला घसरला तर फोन मेला, आणि मग तिचा चौथा मिस कॉल कुणाला लागणार? मी दोन्ही हातांनी फोन धरला आणि आईकडं मागं सरकवला. "आई, तुझं बोट बारीक आहे. उजवीकडचा शब्द दाब. उजवीकडचा!"

"माझा जेवायचा हात का समोरचा उजवा?"

"जेवायचा! जेवायचा!"

तिनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि दाबलं. प्रश्न गेला. फोन जिवंत राहिला.

गगनबावड्यात शिरताना सरकारी दवाखान्याच्या पायरीवर सासरे दिसले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात माझा जुना फोन. मी जीप थांबायच्या आतच उडी मारली.

"पावणं," ते शांतपणे म्हणाले, "आता आलासा?"

"काय झालं?"

"पोरगी झाली."

"आणि ती? ती कशी आहे?"

"कोण?"

"पोरगी!"

"तेच सांगतोय की. पोरगीच झाली."

"तुमची पोरगी हो! माझी बायको!"

"हां, ती व्हय. ती हाय की आत. चा पितीया."

मी तिथंच ओल्या पायरीवर बसलो. आई लाडवांचा डबा छातीशी धरून आत पळाली. दोस्त जीपच्या चाकाला टेकून, पावसात तोंड वर करून उभा राहिला.

"मग तीन मिस कॉल कशाला दिलेत?" मी पायरीवरनंच ओरडलो.

"तीन? म्या कवा तीन दिलं?" सासऱ्यांनी डोक्यावरची खोळ मागं सारली. "सकाळी दोन दिलं. ठरल्यापरमानं. वाट बघितली, गाडी न्हाय, काय न्हाय. मग शेजाऱ्याच्या दुधाच्या टेम्पोत गादी टाकली आन् हितं आणली. समदं झाल्यावर हितल्या पायरीवनं एक दिला, मग आत गेलो, आत रेंज न्हाय. एक म्हंजे समदं बरं."

दोन आणि एक. शाळेत माझं गणित कच्चं होतं, पण एवढं येत होतं. कंपनीनं बेरीज केली होती. सकाळची हाक आणि दुपारची खुशाली एकत्र करून, चौकोनांत गुंडाळून, मला एक आकडा पाठवला होता.

सासूबाईंनी मला उरलेलं सांगितलं. टेम्पोत लेकीचा हात बर्फासारखा झाला होता. रक्त थांबायला वेळ लागला. नर्सबाई धावपळ करत होत्या. पोर बाहेर आली तेव्हा रडली नाही. तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तरी नाही. "मग रडली," सासूबाई म्हणाल्या. त्या 'मग'च्या आधी किती वेळ गेला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही. मी वाटभर ज्याला घाबरत आलो, ते सगळं आधीच घडून गेलं होतं. ते घडत होतं तेव्हा मी ताटांवर अक्षरं काढत होतो. ही गोष्ट सांगताना आजही तिथं आलो की मी पटकन पुढचं वाक्य घेतो.

आत गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पिठासारखा पांढरा. शेजारी एक गाठोडं, त्यातनं फक्त नाक दिसत होतं. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आलो होतो. वाक्यं तयार होती.

ती म्हणाली, "दोन दिलं तवा कुठं होता?"

एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारी बाई माहेरच्या भाषेत विचारत होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. लाइन बिझी होती, पूर होता, जीप नादुरुस्त होती, असं बरंच सांगता आलं असतं. पण आई मागंच उभी होती.

"मी दुकानात होतो," मी म्हणालो. "फोन घागरीत होता."

"कशात?"

"घागरीत. म्हणजे घुमावा म्हणून."

नर्सबाई हातातली पट्टी तशीच धरून बघत राहिल्या. मग बायकोच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि ती कळ आल्यासारखी पोटावर हात ठेवून हसायला लागली. टाके दुखत होते म्हणून हसवू नका म्हणत होती आणि हसत होती. ते हसू कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं, ते मला कळलं नाही. मी तिचा हात धरला. तो अजून गारच होता.

सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन कोल्हापुरात आली. पहिल्याच संध्याकाळी मी वरच्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि फोन तिच्या हाताशी पडला होता. तो उजळला. तिनं वाचलं. माझ्याकडं बघितलं. मी ओरडणार एवढ्यात मांडीवरचं बाळ दचकेल म्हणून थांबलो.

तिनं बोट वर उचललं, मला नीट दिसेल असं धरलं, आणि 'आत्ता' दाबलं.

फोन काळा झाला. नंतर कधीच उजळला नाही. दुसऱ्या दिवशी मी बटणांचा एक दगड विकत आणला.

ती घागर मी विकली नाही. तिचं तोंड अजून बारीकच आहे. आणि आमच्या घरात एक शब्द तेव्हापासून राहिला तो राहिला. कुणाचा फोन लागत नसला की आई विचारायची, "घागरीत हाय का?" सासरे कुणी हाकेला ओ दिली नाही की तेच म्हणायचे. आता पोरगी कॉलेजात आहे, पुण्याला. परवा संध्याकाळी तिचा फोन लागेना. मी एकदा लावला, दोनदा लावला, मग तिसऱ्यांदा लावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला.

थोड्या वेळानं तिचाच मेसेज आला, स्वच्छ मराठीत, एकही चौकोन नाही.

"बाबा, घागरीत होते. सगळं बरं आहे. एक."